फुली मारलेला चौकोन

सुरुवातीलाच माफी मागतो. या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं तीस-चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली असतात. गेल्या वर्षी एका नर्सबाईंचा लेख होता, त्याच्या आदल्या वर्षी एका पोस्टमनकाकांचा. माझं वय चोवीस. काम करायला लागून सहा वर्षं झाली, तीही कॉलेज सांभाळून. म्हणजे मला धड अनुभवी म्हणता येत नाही आणि धड विद्यार्थीही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मी लिहायला बसलो की आई विचारते, कसला फॉर्म आहे. आमच्या मराठीच्या बाईंनी या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण एक गोष्ट दोन वर्षं माझ्या डोक्यात आहे आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही. शुद्धलेखन बाईंनी तपासलंय. बाकीच्या चुका माझ्या आहेत.

आधी काम काय ते सांगतो. हल्ली ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात नवीन किचन करताना लोकांना मशीन ओट्यावर ठेवलेलं नको असतं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, भांडी घासायचं मशीन, सगळं कपाटात बसवलेलं हवं, भिंतीतूनच उगवल्यासारखं. याला बिल्ट-इन म्हणतात. जाहिरातीतलं किचन हॉलएवढं असतं. इथलं सात बाय आठ. त्यात ओटा, फ्रिज, देव्हारा आणि गॅसचे दोन सिलिंडर आधीच राहायला आलेले असतात. उरलेल्या जागेत ते मशीन बसवायचं, आणि ते असं की पाहुण्यांना वाटावं, घर बांधतानाच हे ठरलं होतं.

मशीनसाठी प्लायचा जो चौकोनी कप्पा करतात त्याला आम्ही खोका म्हणतो. खोका सैल झाला तर मशीन हलतं आणि घट्ट झाला तर ते आत जात नाही. पण खरी गंमत पाठीमागे असते. ओव्हनला श्वास लागतो. खाली, पायाशी जी पट्टी असते तिच्यातल्या जाळीतून गार हवा आत यायची आणि मशीनच्या मागून तापलेली हवा वर निघून जायची, अशी वाट ठेवावी लागते. त्यासाठी खोक्याच्या पाठीचा मोठा चौकोन कापून काढायचा. हे बाहेरून काहीच दिसत नाही. शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा, रंग दिसतो, हँडल दिसतं, कोपरे दिसतात. कापलेली पाठ कुणीही बघत नाही. आमच्या कामातला महत्त्वाचा भाग गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच तो टाळता येतो.

हे मला शांताराममामांनी शिकवलं. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या गावचे, संगमेश्वरकडचे. आई त्यांना दादा म्हणते म्हणून ते माझे मामा. तीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. आधी दारं, मग पलंग, मग लोकांनी पलंग करून घेणं बंद केल्यावर किचन. मामा इंच आणि सुतात मोजायचे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. मशीनबरोबर येणारी पुस्तकं इंग्रजी आणि त्यातली मापं मिलिमीटरमध्ये. त्यासाठीच त्यांनी मला बारावीनंतरच्या सुट्टीत बरोबर घेतलं. मी वाचायचो, ते बसवायचे. वर्षभरात मीही बसवायला शिकलो, पण वाचायचं काम माझ्याकडेच राहिलं.

मात्र पुस्तकावर त्यांचा विश्वास नव्हता. मशीन घरात येऊन दोन्ही हातांनी चाचपून बघितल्याशिवाय ते खोका करायचे नाहीत. मी माप वाचून दाखवलं की ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुस्तकवाल्याने ही भिंत बघितलीय का?" आणि भिंत खरंच वाकडी असायची. मी आजवर सरळ भिंत बघितलेली नाही.

दुसरी त्यांची सवय पेन्सिलची. कानामागे चपटी लाल पेन्सिल. ते तोंडाने फारसं सांगायचे नाहीत, खूण करायचे. जो भाग कापून टाकायचा, तो आखून त्याच्यावर मोठी फुली मारायची. फुली दिसली की आपण कापायचं, विचारायचं नाही. मी कॉलेजातून उशिरा साइटवर पोचायचो तेव्हा मामा दुसऱ्या साइटवर गेलेले असायचे आणि माझं दिवसभराचं काम प्लायवर लिहून ठेवलेलं असायचं, एकही अक्षर नसलेलं.

काम आम्हाला वर्तकनगरच्या एका शोरूमकडून मिळायचं. नाव सांगत नाही. काम पूर्ण झालं की शोरूमचा एक इंग्रजी फॉर्म भरायचा. मशीन लेव्हलमध्ये आहे, वायर मोकळी आहे, हवेची वाट तपासली आहे, अशा रांगेने बारा ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण, खाली मिस्त्रीची सही. मामा पन्नास फॉर्मच्या पूर्ण पुस्तकावर आधीच सह्या करून ते माझ्या बॅगेत टाकायचे. वरचं मी भरायचो. "तू आहेस ना," एवढंच म्हणायचे.

त्यांनी बघून, वाचून केलेली एकच सही मला माहीत आहे. नौपाड्यात एक निवृत्त गृहस्थ होते, आयुष्यभर एका कंपनीत नकाशे काढलेले. त्यांनी आपल्या किचनचा नकाशा स्वतः काढला होता, आलेख कागदावर, प्रत्येक रेघ सुईसारखी. ओव्हन आणि फ्रिज एकाच उंच कपाटात बसवायचे होते. कपाट दोन फूट खोल, सात फूट दहा इंच उंच. छताला पीओपी केलेलं, जमिनीपासून बरोबर आठ फुटांवर. वर दोन इंच मोकळे. मी मापं तपासली, सगळी बरोबर होती. मामांनी कागद बघितला, मग छताकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे उभं कसं करायचं?"

गृहस्थ जरा चिडले. म्हणाले, "उभं म्हणजे? ते उभंच आहे. नकाशात दिसतंय तुम्हाला."

मामा म्हणाले, नकाशात आहे, पण घरात ते दारातून आडवं येणार. आडवं असलेलं उभं करताना त्याचा वरचा कोपरा छताला लागणार. गृहस्थांनी पेन्सिल घेतली, बाजूला त्रिकोण काढला. कर्ण आठ फूट एक इंच आला. एक इंच जास्त. नववीत हे प्रमेय मी घोकून पाठ केलं होतं, पण कपाट जमिनीवरून उचलताना ते आठवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली. मग आत जाऊन स्वतः चहा घेऊन आले. कपाट दोन तुकड्यांत केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी तो नकाशा मामांपुढे ठेवला आणि खालच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे तपासणाऱ्याची सही असते. तुम्ही करा." मामांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि शांताराम हे पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

सगळीकडे असं नसतं. कोलशेतच्या एका टॉवरमध्ये गेटवर आमची ड्रिल मशीन आणि करवती वहीत लिहून घेतल्या, जाताना मोजून दाखवायच्या. लिफ्टपाशी वॉचमनने सांगितलं, तुम्ही सर्व्हिस लिफ्टने जा. ती बंद होती. मग आम्ही अकरा मजले चढलो. आमच्याबरोबर आलेला डिशवॉशर मात्र चांगल्या लिफ्टने वर गेला, कारण सामान नाजूक होतं. त्या घरात मी बाथरूम कुठे आहे विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की खाली ड्रायव्हर लोकांसाठी आहे. परत अकरा मजले. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी किचनचं काम चालू असेल म्हणून लिहितोय, दुसरं काही नाही.

त्याच कोलशेतला जुन्या गावातल्या एका आजींचं काम केलं. त्यांची मूळची भातशेती आणि मिठागरावरचं काम. आता जमिनीवर बिल्डिंगा उभ्या आणि यांचा तीन मजली बंगला. मुलाने वरच्या मजल्यावर दाखवायला म्हणून छोटं किचन केलं, सगळी मशीनं बसवली. जेवण खालीच व्हायचं. आजींना मी ओव्हन चालू-बंद करून दाखवला, त्यांनी मान डोलावली. सहा महिन्यांनी हँडल घट्ट करायला गेलो तर ओव्हनमध्ये सुकटीचे डबे. "मुंग्या नाय येत यान," आजी म्हणाल्या. आणि आम्ही निघालो तेव्हा दारात उभ्या राहून, "जेवल्याबिगर जाव नको रं." आम्हाला त्यांच्या टेबलावर, त्यांच्या ताटात जेवायला वाढणारं सहा वर्षांतलं ते एकच घर. त्यांचा ओव्हन मी आजवर बसवलेल्यांपैकी सर्वात जास्त वापरात असेल. बाकीच्यांत बहुतेक कढया ठेवलेल्या असतात.

आता आमच्यातलं एक गुपित सांगतो. मशीन पूर्ण आत गेलं नाही आणि दोन-तीन सूत बाहेर राहिलं, तर फिटर गिऱ्हाइकाला सांगतो, "डिझाइनच तसं असतं." सगळे सांगतात. गिऱ्हाईक बोटाने ती कडा चाचपतं, मान डोलावतं आणि सही करतं. मामांनी हे वाक्य कधी वापरलं नाही. ते मशीन परत बाहेर ओढायचे. मी हे वाक्य एकदाच वापरलं.

डोंबिवली पूर्वेला वर्षाताई राणे राहतात. एका दवाखान्यात सकाळी कागदपत्रांचं काम आणि दुपारनंतर घरून केक, नानकटाई. आधी ओट्यावरच्या छोट्या ओव्हनमध्ये करायच्या. ऑर्डरी वाढल्या तशी ओट्यावर जागा उरेना, म्हणून मोठा ओव्हन ओट्याखाली बसवायचा होता. किचन साडेसहा बाय आठ. ओव्हन कढया ठेवायला नसून खरंच भाजायला लागणार होता असं आमच्या वाट्याला क्वचित यायचं. मामांनी त्यांना विचारलं, दिवसातून किती वेळ चालणार. त्या म्हणाल्या, सणाच्या दिवसांत सहा-सात तास. मामांनी खोका नेहमीपेक्षा जाड प्लायचा केला.

दुसऱ्या दिवशी मामांना दुसऱ्या साइटवर जावं लागलं. मी सकाळी एकटाच गेलो. खोका ओट्याखाली बसलेला होता. आत वाकून बॅटरी मारली तर पाठीवर मोठा चौकोन आखलेला आणि त्यावर फुली. म्हणजे पाठ काप आणि मग मशीन सरकव. त्या दिवशी दुपारी तीनला कल्याणला माझा अर्थशास्त्राचा पेपर होता. शेवटच्या वर्षाचा; कामापायी मध्ये दोन वर्षं बुडाली होती.

बाकीचं काम उरकेपर्यंत साडेबारा झाले. पाठ कापायला घेतली आणि मशीनच्या करवतीचं पातं पहिल्याच कोपऱ्यात तुटलं. दुसरं पातं पिशवीत नव्हतं. दुकान दहा मिनिटांवर. पिशवीत हातकरवत होती, तिने वाकून कापायला अर्धा तास लागला असता. मी घड्याळ बघितलं. मग पुस्तक उघडलं. पुस्तकात इंग्रजीत लिहिलं होतं की मशीनच्या मागे अमुक एवढी मोकळी जागा असावी. मी मोबाईलवर हिशोब केला, वर आणि खाली ज्या फटी राहत होत्या त्या मिळवल्या, आणि बेरीज पुरेशी आली. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. मामा भिंत बघतात, मी वाचू शकतो, असं काहीतरी मनात आलं. वायर मी बाजूच्या भोकातून काढली आणि मशीन सरकवलं. ते तीन सूत बाहेर राहिलं. मी जोर लावला. मागे वायर चेपली जात होती, हातांना ते कळत होतं.

वर्षाताई दवाखान्यातून आल्या, वाकून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "हे थोडं बाहेर आलंय ना?"

मी म्हणालो, "डिझाइनच तसं असतं, ताई."

मामांची सही असलेला फॉर्म काढला आणि बारा ओळींपुढे बारा खुणा केल्या. सांगितलं, पेपर आहे, निघतो. त्यांनी हातात लाडू दिला. मी पळत जिना उतरलो. कल्याणला रिक्षा पटकन मिळाली आणि कॉलेजला पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं कँटीनमध्ये बसून काढली. एक वडापाव खाल्ला. त्या पेपरात मला बावन्न मार्क पडले.

चार महिन्यांनी, नाताळच्या ऑर्डरी चालू असताना ओव्हनमागून धूर आला. वायर वितळली होती, प्लाय काळा पडला होता, शेजारच्या शटरचा चकचकीत पापुद्रा सुटून लोंबत होता. वर्षाताईंनी मेन स्विच बंद केला म्हणून पुढचं टळलं. मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्याने ओव्हन बाहेर ओढला, फोटो काढले आणि लिहून दिलं की हवेची वाट ठेवलेली नाही, त्यामुळे वॉरंटी बाद. ओव्हन तसाच बाहेर ठेवून तो गेला. शुक्रवारी शोरूममधून मामांना फोन आला, सोमवारी या. मलाही बोलावलं होतं.

सोमवारी शोरूममध्ये एका नमुना किचनपाशी आम्हाला उभं केलं. ओट्यावर प्लास्टिकची सफरचंदं होती. मॅनेजर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. त्याने फॉर्म पुढे धरला. "शांताराम, ही सही तुझी ना?"

"माझीच," मामा म्हणाले.

"मग ही खूण बघ. हवेची वाट तपासली. आणि आता हा फोटो बघ."

त्याने टॅब्लेट पुढे केला. फोटो खोक्याच्या आतला. न कापलेली पाठ, मध्ये काळा डाग, आणि डागाच्या भोवती, माझ्यासारख्याला ओळखू येईल अशी, लाल पेन्सिलची पुसट फुली. मॅनेजरला ती दिसली नाही. दिसली असती तरी त्याला तिचा अर्थ माहीत नव्हता. मामांनी टॅब्लेट हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. त्यांच्याकडे त्या दिवशी चष्मा नव्हता. बराच वेळ बघितलं आणि टॅब्लेट परत दिला.

"खूण करायची राहिली असेल माझ्याकडून," ते म्हणाले. "मी खूण केली नाही तर पोरगा कापणार कसा."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आदल्याच आठवड्यात त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना साइट सुपरवायझर हवाय, इंग्रजी वाचणारा, ग्रॅज्युएशन चालू असलं तरी चालेल. मी घरी आईला सांगितलं होतं. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करते. तिने ज्या घरी पोळ्या करते तिथेही सांगितलं होतं. मी प्लास्टिकच्या सफरचंदांकडे बघत राहिलो. 

मामांचं काम बंद झालं. ठाण्या-कल्याणच्या शोरूमवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, त्यावर त्यांचा फोटो फिरला, खाली सूचना की यांना काम देऊ नये. तो फोटो मीच कधीतरी काढलेला होता, नौपाड्याच्या त्या उंच कपाटाशेजारी उभे असताना. शोरूमकडे माझ्याच मोबाईलवरून गेला होता, जुन्या कामांच्या फोटोंबरोबर. पुढच्या महिन्यात मी सुपरवायझर झालो.

या दोन वर्षांत मी स्वतःची समजूत कशी घातली तेही लिहितो. मी म्हणायचो, मामांकडे चष्मा नव्हता. त्यांना फोटोत फुली दिसलीच नाही. वयामुळे विसरायला होतं, खूण राहिली असंच त्यांना खरोखर वाटलं. मग मी त्यांच्याशी खोटं बोललो असं होत नाही. मी फक्त त्यांची चूक दुरुस्त केली नाही. हे ऐकायला किती वाईट वाटतं ते आता लिहिताना कळतंय. डोक्यात असताना ते बरं वाटायचं.

एकदा सकाळी कल्याणच्या नाक्यावर ते दिसले. जिथे रोजंदारीवाले हत्यारं घेऊन उभे राहतात आणि ठेकेदार येऊन बोटाने निवडतो, तिथे. हातात तीच खाकी पिशवी. कानामागे पेन्सिल होती की नाही ते मी बघितलं नाही. मी शोरूमच्या स्कूटरवर होतो, पाठीला टॅब्लेटची बॅग. ते माझ्याकडे बघत होते की नुसतंच रस्त्याकडे, हे आजही सांगता येत नाही. मी डावीकडच्या गल्लीत वळलो. त्या गल्लीत माझं काही काम नव्हतं.

पावसाळ्याच्या आधी ते गावाला गेले ते परत आले नाहीत. आई अधूनमधून विचारते, "दादांना फोन केलास का रे?" मी म्हणतो, करतो. गावात ते लोकांची जुनी दारं दुरुस्त करतात असं कळतं. मी आता एम.ए. करतोय आणि रोज दोन-तीन किचन बघतो. नवीन फिटर पाठ कापतात की नाही हे मी मशीन बाहेर ओढून तपासतो. ते माझ्यावर वैतागतात. मागून मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

हा लेख इथपर्यंत लिहून मी बाईंना दाखवला होता. त्यांनी एकदा वाचला, परत वाचला. मग म्हणाल्या, ज्यांच्या घराबद्दल लिहिलंयस त्यांची परवानगी घे. नौपाड्याचे गृहस्थ हो म्हणाले, आपल्या नकाशाची प्रत देऊ का असंही विचारलं. आजींच्या मुलाने हसून फोन ठेवला. वर्षाताईंचा नंबर लावायला मला चार दिवस लागले.

मी आधी सगळं भरभर सांगून टाकलं. की ताई, तुमचा ओव्हन माझ्यामुळे जळला. पाठ कापायची होती, मी कापली नाही. मामांचा काही दोष नव्हता. त्यांनी मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "माहितीये मला."

मी विचारलं, कसं काय.

"अरे, तुझे मामा येऊन गेलेले ना. तुम्हाला शोरूममध्ये बोलावलेलं, त्याच्या आदल्या दिवशी. रविवार होता, मी घरीच होते. आले, चष्मा लावला, आत वाकून बघितलं आणि मग जमिनीवर बसूनच राहिले थोडा वेळ. मी पाणी दिलं. विचारलं, हे आधीच आखलेलं होतं का हो? तर म्हणाले, हो, आखलेलं होतं, कापायचं राहिलं. मग पिशवीतून करवत काढली आणि त्या रेघेवरूनच कापलं सगळं. वायर बदलली, शटर दोन दिवसांत आणून लावलं. दोन वर्षं झाली, मस्त चालतोय. कापून काढलेला तुकडा पण आहे माझ्याकडे, केकचा डबा ठेवते त्याच्यावर. फुली आहे अजून त्याच्यावर."

मी विचारलं, मग तुम्ही शोरूमला का नाही सांगितलंत.

"त्यांनीच सांगितलेलं, कुणाला बोलू नका म्हणून. मी म्हटलं, अहो, पण तुमच्यावर येईल. तर नुसते हत्यारं भरत बसले."  पलीकडे ओव्हनचा टायमर वाजला, त्यांनी तो बंद केल्याचा आवाज आला. "जाताना दारात एवढंच विचारलं मला. म्हणाले, त्या दिवशी तो पेपरला वेळेवर पोचला का, काही कळलं का तुम्हाला? मी म्हटलं, पळतच गेला, पोचला असेल. पोचलेलास ना रे?"

मी म्हणालो, हो. पोचलो होतो.